चिखलाची शर्यत आणि आमचा अजिंक्यतारा

साताऱ्याला आलात, तर राजवाडा, चार भिंती, कंदी पेढे हे सगळं तुम्ही कराल-पाहालच. पण एखाद्या दिवशी पहाटे साडेपाचला उठा आणि अजिंक्यताऱ्याची वाट धरा. अर्धा सातारा तिथं भेटेल. कानटोपी घातलेले निवृत्त मास्तर, डॉक्टरांनी 'चालाच' म्हणून बजावलेले मधुमेहवाले, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत आम्ही पाचजणीही होतो. आणि आम्ही तिथं चक्क शर्यतीची तयारी करत होतो. साधीसुधी नव्हे हं, चिखलाची शर्यत!

हे खूळ आणलं आमच्यातल्या बँकवालीनं. तिची लेक पुण्यात नोकरीला. तिनं सांगितलं, पुण्याबाहेर हिवाळ्यात अशी शर्यत असते. पाच किलोमीटर पळायचं आणि मध्येमध्ये अडथळे. जाळीखालून चिखलात सरपटायचं, लोखंडी दांड्यांना लोंबकळत पाणी ओलांडायचं, वाळूचं पोतं खांद्यावर न्यायचं, आठ फुटी लाकडी भिंत चढायची. या प्रकाराचं मूळ इंग्लंडात. तिथं वुल्व्हरहॅम्प्टन शहराजवळच्या एका शेतावर १९८७ साली ऐन थंडीत 'टफ गाय' नावाची शर्यत सुरू झाली. पुढं २०१० साली अमेरिकेत 'टफ मडर' निघाली, तिच्यात तर घड्याळालाच महत्त्व नाही. शेजारच्याला हात देऊन पुढं न्यायचं, हाच तिचा नेम.

तुम्ही म्हणाल, या वयात हे काय! आमचे हेही तेच म्हणाले. सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांनी एवढंच विचारलं, "बांगड्या नि मंगळसूत्र घालून सरपटणार का गं?" मी गप्प. तर म्हणाल्या, "फुटतील नि हातात घुसतील. माझ्यापाशी ठेवून जा."

अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फूट. गाडीरस्ता जवळजवळ दरवाजापर्यंत जातो, पण आम्ही पायवाटेनं चढायचो. पहिल्या आठवड्यात दर वळणावर बसलो. महिन्याभरानं मंगळाईच्या देवळापर्यंत न थांबता गेलो, तेव्हा शेजारच्या वहिनींनी देवीला नारळच फोडला! वरून समोर यवतेश्वराचा डोंगर, पलीकडं सज्जनगड, दुसऱ्या अंगाला जरंडा. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की पुढची मैत्रीणही दिसेनाशी होते. याच तटाखाली औरंगजेबाची फौज १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत बसून होती. आत प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. भिंत चढायची म्हणजे काय, ते त्या तटाकडं बघून आम्हाला चांगलंच कळायचं. मात्र त्याला हात लावायचा नाही, अशी आमच्या ताईंची सक्त ताकीद. ताई शाळेत इतिहास शिकवतात, वय चौपन्न.

बाकीची तयारी घरच्या सामानावरच. दहा किलोचं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन गच्चीच्या जिन्यावरून वर-खाली. शाळेच्या मैदानातल्या बारला लोंबकळायचं. पहिल्या दिवशी मी मनात पाच मोजेपर्यंत खाली!

चिखल मात्र घरात कुठून आणणार? पण आमच्यातल्या एकीची नणंद मेढ्याकडं दिलेली. जुलैत भातलावण चालली होती, तिथं गेलो. चिखलणी केलेल्या खाचरात पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत. ओढून काढायला गेले तर तोंडावर आपटले. तरवा लावणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "पैसं देऊन चिखलात लोळायचं? आमास्नी सांगितलं असतंत तर फुकट लोळवलं असतं की!" मग तिनंच शिकवलं. पाय सरळ वर उपसायचा नाही. आधी टाच सैल करायची, मग पाऊल जरा तिरकं करून काढायचं. पावलं लहान टाकायची, घाई नाही. दिवसभर कमरेत वाकून ती बाई हेच करत होती. आमची मात्र तासाभरात कंबर गेली.

आता खरी गोष्ट सांगते. भिंतीचा सराव ताईंच्या परसात चालायचा, कंपाउंडच्या भिंतीवर. एकीनं खाली वाकून खांदा द्यायचा, दुसरीनं त्यावर पाय ठेवून वर जायचं. मी रोज खालीच उभी राहायची. "माझे खांदे मजबूत आहेत," म्हणायची. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, मैत्रिणींनो. ते कुणाला उचलायला लागू नये, म्हणून ही सगळी युक्ती. घरातही माझं असंच. सगळ्यांची दुखणी मी काढते आणि मला ताप आला की सांगत नाही.

ताईंनी बरोबर पकडलं. "शर्यतीत शेवटी तूच खाली उरशील, तुला वर कोण घेणार?" असं म्हणून त्या भिंतीला टेकून वाकल्या. मी पाय उचलला आणि तिथंच अडले. वडीलधाऱ्या बाईच्या खांद्यावर पाय ठेवायचा? नुसता चुकून लागला तरी आपण नमस्कार करतो. मी आधी वाकून त्यांच्या पाया पडले. त्या खेकसल्या, "नमस्कार नंतर, आधी चढ!" मी चढले. त्यांचा खांदा थरथरला, मला पायाखाली जाणवलं. वर बसल्यावर मला रडू का आलं, ते अजूनही नीट सांगता येत नाही. पुढं चार दिवस ताईंचा खांदा दुखत होता. मी लेप घेऊन गेले, तर त्यांनी आधी चहा टाकायला लावला.

शर्यतीच्या दिवशी दांड्यांवरून आम्ही पाचहीजणी एकामागून एक पाण्यात पडलो. भिंतीपाशी मात्र दोघींनी खालून लोटलं, दोघींनी वरून ओढलं आणि मी पलीकडं उतरले. आमच्यानंतर सुटलेले कितीतरी लोक आमच्या आधी पोहोचले.

कुणी जाणार असाल, तर सुती कपडे घालू नका. ते पाणी पितात आणि अंगावर मणभर जड होतात. नखं कापा, बुटांच्या नाडीला दुहेरी गाठ मारा. घरी आल्यावर चिखलाचे कपडे लगेच गरम पाण्यात टाकू नका, डाग बसतो. वाळू द्यावेत, माती झटकावी, मग गार पाण्यात दोनदा खळबळून साबण लावावा.

मेढ्याहून त्या म्हातारीचा निरोप आलाय, यंदा जुलैत पुन्हा या. पण या खेपेला तरवा लावावा लागेल, नुसतं लोळून चालायचं नाही.