हळू चालव रे त्याला!

परवा शनिवारी कराडला घरी गेलो, तर बाबा दुकानात चक्क वही उघडून बसलेले. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. म्हणजे नट-बोल्ट, रंग, पाइप. (मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आणि बाप हार्डवेअरमध्ये, हा आमच्या घरातला अतिजुना विनोद!) कॉम्प्युटर गेला होता. १९९७ सालचा पेंटियम, १३३ मेगाहर्ट्झचा. आतापर्यंत तीनदा एसएमपीएस बदलला, पण या वेळी मदरबोर्डनेच मान टाकली.

त्या डब्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची उधारी होती. मामाने डिप्लोमाला असताना टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, एफ-टू दाबलं की खातं उघडणार. बाबा कीबोर्डकडे न बघता चालवतात.

"बाबा, नवीन अ‍ॅप घेऊ या का?" असं विचारायचीही माझी सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या तोऱ्यात त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं होतं. सहा महिन्यांत कंपनीचा ईमेल आला, सेवा बंद करत आहोत. तो ईमेल मी वाचलाच नाही. दोन महिन्यांची उधारी हवेत! बाबा काही बोलले नाहीत, गुपचूप जुन्या डब्यावर परत गेले. ते न बोलणं अजून टोचतं.

असो. हार्ड डिस्क जिवंत होती. कन्व्हर्टर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली, फाइल्स कॉपी केल्या आणि डबल क्लिक. विंडोज ११ म्हणालं, हे तुमच्या पीसीवर चालणार नाही.

कारण असं, की डॉसचे प्रोग्रॅम १६-बिटचे. ३२-बिट विंडोजमध्ये ते चालवायला एनटीव्हीडीएम नावाचा एक भाग असायचा. पण प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला, की हा भाग ज्यावर उभा आहे ती 'व्हर्च्युअल ८०८६'ची सोयच त्याच्याकडे उरत नाही. म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही. आणि २०२१ साली आलेलं विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे.

यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स. २००२ पासून लोक जुने गेम खेळायला हे वापरतात. ते अख्खं जुनं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतं. पण त्यात छपाईची सोय नाही आणि बाबांना बिलं छापायची असतात, म्हणून मी त्याचा भाऊबंद, डॉसबॉक्स-एक्स घेतला. सेटिंगमध्ये स्पीड मॅक्सिमम केला (आपण इंजिनिअर ना!) आणि प्रोग्रॅम सुरू केला.

'रनटाइम एरर २००.' शून्याने भागाकार.

मामाला फोन लावला. तो खो खो हसला. टर्बो पास्कलचा सीआरटी युनिट सुरू होताना मशीनचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरला ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५५३५ च्या आत मावेल हे गृहीत. मशीन फार वेगवान असलं की उत्तर मावत नाही, प्रोसेसर भागाकार फसला म्हणून ओरडतो आणि पास्कल त्यालाच शून्याने भागाकार म्हणतं. खरं तर शून्य कुठेच नसतं!

"तेव्हा कुणाला वाटलं होतं रे, मशीन इतकं पळेल? हळू चालव त्याला!" मामा म्हणाला.

स्पीड एकदम खाली आणला. निळा स्क्रीन आला. बाबांनी चष्मा लावला, एफ-टू दाबलं, एका गवंड्याचं खातं उघडलं. "हं, हाच. चार हजार येणे आहेत," म्हणाले आणि वही मिटली.

परत येताना एसटीत विचार करत होतो. मामाचा प्रोग्रॅम आज चालतो, कारण त्याला लागणारं सगळं त्याच एका फोल्डरमध्ये आहे. फक्त मशीनचं सोंग आणावं लागलं. मी गेली पाच वर्षं जे लिहितोय, त्याचा अर्धा जीव दुसऱ्याच्या सर्व्हरवर. उद्या सर्व्हर बंद झाला, तर माझ्या भाच्याने कसलं सोंग आणायचं?

तूर्तास एवढंच केलंय, की त्या फोल्डरची कॉपी दोन पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. एक गल्ल्यात, एक माझ्याकडे. आणि कंपन्यांचे ईमेल हल्ली वाचतो!