उतारावरची पोरं

टेनेसीत राहणाऱ्या भाचीने परवा फोनवर तिच्या लेकाच्या शाळेची सूचना वाचून दाखवली. थंडी वाढली आहे, मुलांना टोबोगन घालून पाठवा. मी म्हटलं, घालून? टोबोगन ही तर बर्फावरून घसरायची लांब लाकडी गाडी. ती म्हणाली, "अगं मावशी, इथे टोबोगन म्हणजे कानटोपी."

गाडी मूळची कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिकमाक लोकांची, नावही त्यांचंच. बर्चच्या पातळ फळ्या वाफवून पुढून वर वळवायच्या आणि कातड्याच्या वाद्यांनी बांधायच्या. खाली धावपट्ट्या नसतात, त्यामुळे भुसभुशीत बर्फात गाडी रुतत नाही. शिकार आणि घरचा पसारा तीवर लादून माणसं किंवा कुत्री ओढत न्यायची. पुढे शहरी लोकांनी तीच टेकडीवर नेली, खेळ झाला, आणि खेळताना घालायची लोकरी टोपी 'टोबोगन कॅप' झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत बर्फ पडतो थोडा, टिकत तर नाहीच. तिथे नाव टोपीलाच चिकटलं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला टोबोगनिंग म्हणजे गोठवलेल्या नाळेतून, डोकं पुढे करून, लोखंडी पट्ट्यांवर झोकून देणं. त्या खेळाचा 1887पासून क्लब आहे. मला तो भावत नाही. घसरणं मुलांचं असावं, त्यात गलका असावा.

म्हणूनच न्यू इंग्लंडमधला जुना शब्द मला जवळचा वाटतो. तिथे बर्फावरून घसरणं म्हणजे कोस्टिंग. कोस्ट म्हणजे समुद्रकिनारा, एवढंच आपण शाळेत शिकतो. बोस्टनची पोरं मात्र घसरायच्या उतारालाच कोस्ट म्हणत.

1775चा जानेवारी. चहा समुद्रात बुडवल्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी बोस्टनचं बंदर बंद केलेलं, गावभर लाल डगल्यांचे शिपाई. इंग्रज फौजेतले जनरल हाल्डिमांड स्कूल स्ट्रीटवर राहायला. टेकडीवरून येऊन त्यांच्या घरावरून खाली जाणारा उतार हा पोरांचा कोस्ट. जनरलच्या नोकराने त्यावर राख टाकली. राख पडली की बर्फाचा गुळगुळीतपणा जातो, गाडी जागच्या जागी अडते. धन्याचा पाय घसरू नये, एवढाच कदाचित त्या नोकराचा विचार असेल. पण पोरं गप्प बसली नाहीत. आपलं शिष्टमंडळ घेऊन ती थेट जनरलपुढे उभी राहिली. हा उतार आमच्या बापजाद्यांपासून आमचा आहे, असं त्यांनी सांगितलं. वास्तविक त्या दिवसांत बोस्टनमधली मोठी माणसं इंग्रज सरकारपुढे जे मांडत होती, तेच हे, फक्त लहान तोंडून. हाल्डिमांडनी ऐकून घेतलं आणि नोकराला उतार पहिल्यासारखा करून द्यायला लावलं. पुढे त्यांनी ही हकिकत गव्हर्नर गेजना सांगितली. गेज म्हणाले, स्वातंत्र्याची कल्पना या लोकांच्या डोक्यातून काढणं अशक्य आहे, ती लहानपणापासूनच त्यांच्यात मुरलेली आहे. जॉन अँड्र्यूज नावाच्या बोस्टनच्या एका व्यापाऱ्याने त्याच महिन्यात हे सगळं एका पत्रात लिहिलं, म्हणून ते उरलं. एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या आणि युद्ध पेटलं.

ही गोष्ट पुढे तोंडोतोंडी फिरली आणि तिच्यातून हाल्डिमांड गळाले. शंभर वर्षांनी हेन्री बेकनने चित्र काढलं, त्यात पोरं गेजपुढेच उभी आहेत. मला याचं फार वाईट वाटतं. शत्रूच्या गावात राहून मुलांची तक्रार खरी मानणारा सेनापती इतिहासात किती वेळा भेटतो? त्याचं नाव मुलांना सांगायला हवं होतं.

हाल्डिमांड मूळचे स्वित्झर्लंडचे. 1778मध्ये ते क्वेबेकचे गव्हर्नर झाले आणि तिथल्या उंच कड्यावर त्यांनी एक वाडा बांधायला घेतला. 1892मध्ये तो पाडला गेला आणि त्या जागी शातो फ्राँतनाक हे हॉटेल उभं राहिलं. हॉटेलला लागून डफरिन टेरेस आहे. तिथे 1884 साली टोबोगनसाठी लाकडी उतार बांधला होता. पुढेही अनेक वर्षं हिवाळ्यात तिकीट काढून त्या जागी टोबोगनवरून घसरत खाली येता येत असे.