धियाणीचा वाटा

उखीमठहून चोपत्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो आणि सारी नावाच्या गावात जाऊन संपतो. तिथून पुढे देवरिया तालाची पायवाट. बहुतेक प्रवासी अडीच-तीन किलोमीटरची ती चढण चढतात, तळ्याच्या पाण्यात 7,138 मीटर उंचीच्या चौखंब्याचं प्रतिबिंब बघतात आणि त्याच दुपारी खाली उतरून चोपत्याची वाट धरतात. आई आणि मी, आमचाही बेत तेवढाच होता. पण उतरताना आईचा गुडघा सुजला आणि सारीतला मुक्काम वाढवावा लागला. मार्च निम्मा उलटत आला होता, बांजाच्या रानात बुरांश लालभडक फुलला होता. त्या वाढलेल्या मुक्कामामुळे गढवाली घरातला गोडाधोडाचा कारभार आम्हाला चुलीपाशी बसून बघता आला.

घर जुनं, पठाळीच्या, म्हणजे दगडी फरशांच्या छपराचं. पाहुण्यांसाठी बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या नव्याने काढलेल्या. उत्तराखंडात होमस्टेची नोंदणी करायची तर मालकाच्या कुटुंबाने त्याच घरात राहायला हवं, अशी अट आहे. ती फार शहाणपणाची आहे असं मला तिथे राहून वाटलं. कारण आमची उठबस हॉटेलवाल्यांकडे नव्हती, एका कुटुंबाकडे होती. घरात एक म्हातारी सासू, सगळं गाव तिला बोडी म्हणायचं, म्हणून आम्हीही बोडीच म्हणू लागलो. तिचा मुलगा यात्रेच्या दिवसांत जीप चालवायचा. पाहुण्यांचं सगळं सून बघायची. पहिल्याच संध्याकाळी ती मला ‘दीदी’ म्हणाली आणि आईला ‘माँजी’. बोडी मात्र मला ‘बेटी’ म्हणायची आणि आईला काहीच म्हणायची नाही, नुसती हात धरून चुलीजवळ बसवायची. दोघींचं वय सारखंच. एक मराठीत बोले, दुसरी गढवालीत, आणि दोघींचं कुठेही अडत नव्हतं.

पहिल्या रात्री जेवणात झंगोऱ्याची खीर होती. झंगोरा हे आपल्या भगरीच्या जातकुळीतलं धान्य. पावसाच्या पाण्यावर, डोंगरउताराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात येतं. पूर्वी पहाडात तांदूळ परवडत नसे तेव्हा रोजचा भात याचाच व्हायचा. 2023 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शहरातल्या दुकानांत आता त्याची पाकिटं दिसतात, पण बोडीच्या पिढीला तो गरिबीची खूण वाटायचा, हे तिनेच सांगितलं. खीर करताना सून दूध उकळल्यावर भिजवलेला झंगोरा घालून एका जागेवरून हलली नाही. दाणे पटकन फुगतात आणि जरा दुर्लक्ष झालं की गाठी धरतात. दूध घरच्या गाईचं, वर मोडलेले अक्रोड. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “एकादशीला इतकी वर्षं भगर खाल्ली, पण तिची अशी खीर कधी करावीशी वाटली नाही.” मी ते हिंदीत सांगितलं, तेव्हा बोडीने न विचारता आईच्या वाटीत आणखी दोन पळ्या ओतल्या.

पुढच्या एका सकाळी दारात पोरांचा कलकलाट ऐकू आला. पहाडातला चैत मीन संक्रांतीला, म्हणजे मार्चच्या मध्याला सुरू होतो. आपल्या पाडव्याशी त्याचा मेळ बसतोच असं नाही. त्या संक्रांतीला फूलदेई असते. पहाटे मुलं रानात जाऊन फ्यूंलीची पिवळी फुलं आणि बुरांश गोळा करतात आणि घरोघरच्या उंबऱ्यावर टाकतात. बदल्यात त्यांच्या टोपलीत तांदूळ आणि गूळ पडतो. केदारखोऱ्यात हे काही दिवस चालतं, आणि शेवटी जमलेल्या शिध्याचं मुलं एकत्र जेवण करतात. आमच्या खोलीच्या उंबऱ्यावरही फुलं होती. मी पर्समधून पैसे काढायला गेले, तर सुनेने माझ्या ओंजळीत तांदूळ आणि गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, “दीदी, आज या खोलीच्या मालकीण तुम्ही. तुम्हीच द्या.” उंबरा ज्याचा, देणं त्याचं. मग पाहुणी असले म्हणून काय झालं?

याच चैतात पहाडातली माहेरं लेकींची आठवण काढतात आणि त्यांच्याकडे भेट पाठवतात. कुमाऊंत या भेटीला भिटौली म्हणतात; गढवालात लेकीकडे कल्यो, म्हणजे माहेरचा खाऊ पाठवतात. लग्न होऊन गेलेली लेक म्हणजे धियाण. पूर्वी रस्ते नव्हते, दोन खोऱ्यांच्या मध्ये बर्फाची खिंड, वर्षवर्ष भेट नाही. बर्फ वितळलं की भाऊ पाठीवर कंडी घेऊन बहिणीच्या गावी जायचा. कंडी म्हणजे रिंगाळाची टोपली. रिंगाळ हा बोटाएवढ्या जाडीचा पहाडी बांबू. त्या कंडीत जे जायचं त्यातला मुख्य जिन्नस अरसा, तांदूळ-गुळाचं तळलेलं पक्वान्न. लग्नातही वऱ्हाडाच्या पाठवणीला अरसाच लागतो. नंदादेवीला तर अख्खं गढवाल आणि कुमाऊं आपली धियाण मानतं. 2014 साली निघालेल्या राजजात यात्रेत लोक तिला हिमालयातल्या सासरी पोचवायला रडत-गात चालत गेले होते. देवीला लेक मानणाऱ्या मुलखात लेकीची टोपली हलकी कशी असेल? आपल्याकडे चैत्रात गौर माहेरी येऊन झोपाळ्यावर बसते, तिच्यासाठी आंब्याची डाळ आणि पन्हं होतं. आईने हे सांगितलं तेव्हा बोडीला नवल वाटलं नाही. चैत आला की लेक आठवणारच, असा तिचा चेहरा होता.

बोडीची लेक चमोली जिल्ह्यात दिलेली. तिच्यासाठी अरसे व्हायचे होते, आणि आम्ही तिथे असताना ते झाले.

रात्रीच तांदूळ भिजले. सकाळी पाणी निथळून ते कापडावर पसरले, पण पुरते वाळू दिले नाहीत. बोटांना ओल लागते तोवरच ते चौकातल्या उरख्याळीत पडले. उरख्याळी म्हणजे जमिनीत पुरलेल्या दगडातलं उखळ. शेजारच्या दोघी आपापली गंज्याळी, म्हणजे मुसळ घेऊन आल्या. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. मधल्या क्षणात सून उखळात हात घालून पीठ परतून घ्यायची. त्या हाताकडे बघताना माझाच श्वास अडकत होता, आणि तिघी मात्र गप्पा मारत होत्या. चक्कीवर दळून का आणत नाही, असं मी विचारलं. बोडी म्हणाली, चक्कीचं पीठ तापतं आणि कोरडं होतं, त्याचा अरसा दगड होतो. पुढे मी स्वतः हात घातला तेव्हा उमगलं. कुटलेलं पीठ मुठीत दाबलं की तसंच राहतं, बोटांच्या रेषांसकट.

गुळाचा पाक हा खरा कसोटीचा भाग. तो कढईत फसफसायला लागला की बोडी थेंब-थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकून बघायची. थेंब विरघळला तर कच्चा, कडक झाला तर गेला. पाण्यात बोटांनी गोळा होईल, पण दाबला की बसेल, तो पाक हवा. हे सगळं तिने डोळ्यांनी नाही, आंगठा आणि तर्जनीने ठरवलं. मग कढई खाली उतरवून पीठ सोडायचं आणि घोटायचं. हे काम मुलाने केलं, कारण मिश्रण इतकं जड होत जातं की डाव हलता हलत नाही. लग्नात शेकड्यांनी अरसे लागतात तेव्हा सरोळा ब्राह्मण आचारी येतात आणि गावातले तरुण पाळीपाळीने घोटायला उभे राहतात. अरसा एकट्याने होत नाही. कुटायला दोघी, घोटायला एक, थापायला एक, तळायला एक. ज्या गावात माणसंच उरली नाहीत तिथे तो होणार कसा? 2011 च्या जनगणनेत उत्तराखंडातली हजारावर गावं ओस पडलेली नोंदली गेली. हे घर ओस पडलं नाही, त्याला त्या दोन स्लॅबच्या खोल्यांचं भाडंही कारण आहे. मुलगा मध्यंतरी डेहराडूनला नोकरीला गेला होता, खोल्या चालू लागल्यावर परत आला. पर्यटनाबद्दल मला अनेक तक्रारी आहेत, पण त्या चौकात पाचही जणांचे हात पिठात बघितल्यावर खोल्यांच्या भाड्याबद्दल मला आदरच वाटला.

तळण मोहरीच्या तेलात. हाताला तेल लावून गोळी थापायची, कढईत सोडायची, तपकिरी रंग आला की काढायची. पहिला अरसा देवाला. दुसरा बोडीने आईच्या हातावर ठेवला. बाहेरून किंचित कुरकुरीत, आत ओलसर, खमंग, आणि मागून मोहरीच्या तेलाचा उग्र वास. आई चघळत राहिली आणि म्हणाली, “हा आपल्या अनारशाचा थोरला भाऊ.” तांदूळ आणि गूळ तेच. पण आपण तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत आंबवतो, गूळ कच्चाच मळतो, पीठ मुरत ठेवतो, खसखशीवर थापतो आणि तुपात एकाच बाजूने तळतो, म्हणून त्याला जाळी पडते. अरशाला जाळी नाही. त्याला टिकायचं असतं, पाठीवरच्या टोपलीतून खिंड ओलांडायची असते. आंध्रात अरिसेलू, तमिळनाडूत अधिरसम, ओडिशात अरिसा पिठा, सगळीकडे याच घराण्यातला कुणी ना कुणी आहे. आई आणि बोडी यांनी मग दुपारभर दोन्हींची कृती ताडून बघितली. मी दुभाषी होते, पण पाकाच्या बाबतीत त्यांना माझी गरज लागली नाही.

पहाडातली जी मिठाई बाहेर ओळखली जाते ती बहुतेक दुकानातली. अल्मोड्याची बाल मिठाई, म्हणजे खवा साखरेबरोबर तांबूस होईपर्यंत भाजून वर साखरेचे पांढरे दाणे लावलेला; किंवा मालूच्या पानाच्या सुरळीत भरलेला सिंगोडीचा खवा. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण ती हलवायाची हुशारी आहे. अरशात गावाचं मनुष्यबळ असतं.

म्हणूनच सून जेव्हा म्हणाली की गावातल्या बायकांचा गट करून अरसे विकायचा विचार आहे, तेव्हा बोडी गप्प झाली. अरसा द्यायचा असतो, विकायचा नसतो, हे तिचं म्हणणं. सुनेचं म्हणणं असं की शहरांत तो विकला जातोच, मग कुटणाऱ्या हातांनाच पैसा का मिळू नये? दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी सुनेची बाजू घेतली आणि आजही घेते. बाईच्या श्रमाला मोल नसणं ही परंपरा जपण्यासारखी नाही. मात्र भाव ठरवताना कुटणाऱ्या दोघींची मजुरी पूर्ण धरा, एवढं मी सांगितलं. बोडीने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

निघायच्या दिवशी बिलात खोली होती, दोन वेळचं जेवण होतं, चहा होता. अरसे नव्हते. त्याचं विचारल्यावर मुलगा म्हणाला, ते आईचं खातं आहे, माझ्याकडे त्याचा हिशोब नाही. बोडीने ओल्या हळदीची पिठाईं आईच्या आणि माझ्या कपाळाला लावली, वर तांदळाचे दाणे चिकटवले आणि लेकीच्या कंडीतून काढून ठेवलेला वाटा आईच्या पदरात घातला. पदर पसरताना आई अजिबात अवघडली नाही. ओटी कशी घ्यायची हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ते अरसे पुण्यात पंधरा-वीस दिवस चांगले राहिले. आम्ही ते शेजारी वाटले, कारण कल्यो आला की तो आळीत वाटायचा असतो, असं सुनेने बजावलं होतं. दिवाळीत आईने अनारसे केले आणि मी डबा कुरिअरने उखीमठच्या पत्त्यावर पाठवला. तिथून जीपने तो वर गेला. काही दिवसांनी सुनेचा फोन आला. बोडीने चव बघितली होती. तिचा निरोप असा होता की जाळी सुरेख आहे, पण तूप फार लागत असणार, आणि तीन दिवस भिजवल्यावर तांदळाला वास येत नाही का, ते माँजींना विचारून कळव. आई फोनवर आली आणि पाणी कधी बदलायचं ते मराठीतच सांगू लागली.