बोराएवढे रबर

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या दारात आता चारचाकी असेल. माझ्याही आहे, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पण तिला क्लच नाही. २०१४ साली मळणी यंत्राच्या पट्ट्यात सापडून माझा डावा पाय अधू झाला. ट्रॅक्टर सुटला, मोटारसायकल सुटली. कुठे जायचे तर कुणाची तरी मनधरणी करायची. आपोआप गिअर बदलणारी गाडी एकट्या उजव्या पायावर चालते. अमेरिकेत अशी गाडी १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून सरसकट मिळू लागली, असे मी पुढे वाचले. मला मात्र ती माझ्यासाठीच केली असे वाटते.

गेल्या पावसाळ्यात बाजारातून आलो. अंगणात ब्रेक दाबून दांडा 'पी'वर नेला आणि पाय काढला. गाडी उभी राहायची सोडून पुढे सरकू लागली! समोर तुळशीपाशी नात खेळत होती. ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केले. हात कितीतरी वेळ थरथरत होते.

एक कारागीर येऊन म्हणाला, "काका, गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागंल. ४०,००० धरा." त्या रात्री जेवण गेले नाही.

सकाळी पुतण्याला म्हटले, आधी बघू तरी. चाकांना दगड लावले, हवेच्या फिल्टरचा डबा काढला. इंजिन बंद ठेवून पुतण्याने नुसती चावी फिरवली, ब्रेक दाबला आणि दांडा मागेपुढे केला. गिअरबॉक्सवरची पट्टी जागची हलेना. केबलचे टोक तिच्या खुंटीवरून निसटून लोंबत होते. टोकातले रबरी बुश उष्णतेने वाळून त्याचा भुगा झाला होता. गिअरबॉक्स शाबूत होता. त्याला निरोपच पोचत नव्हता.

पुतण्या म्हणाला, "काका, तारेनं आवळू." मी नको म्हटले. तार सैल झाली की दांडा एक सांगणार आणि गिअरबॉक्स दुसरेच करणार. तुळशीपाशी उभी नात डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवे बुश आणले, बोराएवढे. साबणाच्या पाण्यात भिजवून पकडीने टोकात बसवले. पट्टी हाताने 'पी'च्या जागी नेली, दांडाही 'पी'वर ठेवला आणि टोक खुंटीवर दाबले. खट्ट झाले.

मग हातब्रेक सोडून गाडी ढकलून पाहिली, हलली नाही. ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक खुणेवर चावी मारली. 'पी' आणि 'एन'वर इंजिन सुरू झाले, 'आर' आणि 'डी'वर झाले नाही. तसेच व्हायला हवे. म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स जुळले.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर नुसत्या दांड्यावर विसंबू नका. आधी हातब्रेक ओढा, मग 'पी' लावा, आणि गाडी जागेवर आहे हे पाहूनच पाय उचला. कुणी मोठा खर्च सांगितला, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी झाकण उघडून बघा.

नातीला आता शाळेत मीच सोडतो. घरी आलो की ती आधी विचारते, "आजोबा, हातब्रेक?"