आमच्या काचपेटींतील शेवाळ

विज्ञान शिकविणाऱ्या मनुष्याच्या घरीं जो अपराध घडला, त्याची हकीकत सांगावयास मला थोडा संकोच वाटतो. परंतु वर्गांतील मुलांच्या कानांवर ती निम्मीअधिक गेलेलीच आहे; उरलेली त्यांनीं माझ्याच तोंडून ऐकावी हें बरें.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या मुलीनें काचेच्या पेटींत मासे पाळिले. मासे मोठ्या किंमतीचे नव्हते. डांसांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातें जे पाण्याच्या सांठ्यांत सोडतें, तेच गप्पी मासे. तळाशीं वाळू, वाळूंत पवनारजवळ धाम नदींतून आणिलेली हायड्रिला आणि बाजारांतून घेतलेलें, लांब पट्ट्यांसारख्या पानांचें वॅलिस्नेरिया. वनस्पतींबरोबर चार-पांच गोगलगाई न बोलावितां आल्या. पेटी आम्हीं पूर्वेच्या खिडकीशीं ठेविली, कारण सकाळच्या उन्हांत ती फार सुंदर दिसे.

मार्च सरतां सरतां काचेवर हिरवीं पुटें चढलीं. एप्रिलांत पानापानाला केंसांसारखे तंतू लोंबूं लागले. दर रविवारीं उपासनेहून परतल्यावर मीं बाह्या सरसावून घासावें, आणि बुधवारपर्यंत शेवाळाची सरशी व्हावी! शेवाळावर राग धरणें हास्यास्पद आहे, हें मला तेव्हांहि कळत होतें. तरी राग आला तो आलाच.

आर्वीकडे माझ्या एका स्नेह्याची संत्र्याची बाग आहे. बोर्डो मिश्रणाकरितां त्याच्या घरीं मोरचूद असावयाचाच. त्यांतला थोडा मीं मागून आणिला. तांब्याच्या क्षारानें शेवाळ मरतें ही गोष्ट खरी आहे. त्याच क्षारानें गोगलगाय आणि मासाहि मरतो, हेंहि मला पक्कें ठाऊक होतें. पण मुलगी आजोळीं गेली होती. ती येण्यापूर्वीं पेटी आरशासारखी करून दाखवावी, या हौसेपायीं मीं तो खडा वजनसुद्धां न करितां पाण्यांत विरघळविला.

दुसऱ्या दिवशीं शेवाळ करडें पडलें आणि मी खूष झालों. तिसऱ्या दिवशीं पहाटे पाहतों तों गोगलगाई कवचांतून लोंबत मेलेल्या, आणि मासे पाण्याच्या पृष्ठावर तोंडें वासून धडपडत आहेत. तांब्यानें कल्ले पोळले होते. शिवाय मेलेलें शेवाळ कुजूं लागलें कीं जंतू पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतात. त्यांतून मे महिना! २५ अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३५ अंशांच्या पाण्यांत सुमारें ७ च. अकरा माशांपैकीं तीन वांचले.

मुलगी परत आली. ती रडली नाहीं, पेटीकडे बराच वेळ पाहून तिनें विचारिलें, "बाबा, शेवाळ माशांना चावत होतें का?"

पुढें सुटींत वाचतांना मला रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ भेटला. १८५० च्या सुमारास त्यानें एका पात्रांत दोन सोनमासे आणि हेंच वॅलिस्नेरिया ठेविलें होतें. जुनीं पानें कुजून पाणी बिघडलें, शेवाळ माजलें. तेव्हां त्यानें त्यांत पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकें खाल्लें आणि पाणी निवळलें. त्यानें ज्यांना मदतीस बोलाविलें, त्यांनाच मीं आधीं मारिलें होतें.

आमच्या शेवाळाला खाऊं कोण घालीत होतें, हें मग उमगलें. खिडकींतलें ऊन होतेंच. येणारा-जाणारा प्रत्येकजण माशांना चिमूटभर दाणे टाकी, आणि उरलेलें तळाशीं कुजे. पाणी आटलें कीं मी वरून बोअरचें पाणी ओती. वाफ उडून जाई, क्षार मात्र मागें सांठत. विषारी पाणी व वाळू टाकून आम्हीं पेटी नव्यानें मांडली, आंतल्या भिंतीशीं. दिवा सात तासच. अन्न दिवसांतून एकदां, तेंहि दोन मिनिटांत संपेल इतकेंच. आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदलावयाचें. काढलेलें पाणी मोगऱ्यास जातें, व मोगरा त्याबद्दल फार कृतज्ञ आहे. हायड्रिला भराभर वाढून शेवाळाच्या आधींच पाण्यांतील पोषण उचलते. यास दोन महिने लागले.

शेवाळ समूळ गेलेलें नाहीं. पुढची काच घासण्याचें काम माझ्याकडे आहे. मागच्या काचेवर नवीं पिलें दिवसभर तोंडें लावून चरत असतात. ती घासण्याची मुलीनें मला अजून परवानगी दिलेली नाहीं.