चांद्यास पांच तास

प्रवासांतील सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता, असें कोणत्याहि घरांत विचारलें तर लहानथोर एकच उत्तर देतील: एका गाडीतून उतरून दुसरीची वाट पाहत बसण्याचा. चार-सहा तासांचा असा थांबा आला कीं तो प्रवासाच्या हिशेबांत आपण धरीतच नाहीं. मुलें आपसांत भांडतात, पुरुष मंडळी फलाटावर येरझारा घालतात, स्त्रिया बोचक्यांवर नजर ठेवून पेंगतात, आणि चहा-फराळावर खर्च व्हायचा तो होतोच. पैसा जातो, वेळ जातो आणि पदरीं कांहींच पडत नाहीं. हाच वेळ थोडक्या खर्चांत सत्कारणीं कसा लावावा, याचें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

नागपुराहून दक्षिणेस जाणाऱ्या मंडळींना बल्लारशाह हें जंक्शन ठाऊक असतें. येथून काजीपेठेपर्यंतचा लोहमार्ग १९२९ सालीं पुरा झाला आणि दिल्ली व मद्रास हीं शहरें या वाटेनें जोडलीं गेलीं. गोंदियाकडून नागभीड, मूल या गांवांवरून येणारा फांटाहि येथेंच मिळतो. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें स्टेशन याच फांट्यावर असल्यामुळें त्या बाजूच्या कुटुंबांना हैदराबाद किंवा मद्रासकडे जातांना बहुधा येथें गाडी बदलावी लागते. स्टेशन पाहण्यासारखें आहे. वाघ, मोर व रानांतील वृक्षवेली भिंतींवर रंगविल्या असून, २०१८ सालीं स्टेशनांच्या सुशोभनासाठीं रेल्वे खात्यानें जी स्पर्धा घेतली तींत बल्लारशाह व चंद्रपूर या स्टेशनांना पहिलें पारितोषिक मिळालें. परंतु चित्रें पाहून होण्यास अर्धा तास पुरतो. पुढें काय?

आधीं काय करूं नये तें सांगितलें पाहिजे. चंद्रपूर म्हटलें कीं ताडोबाचा वाघ डोळ्यांपुढें येतो आणि मुलें हट्ट धरतात. पण ताडोबाच्या अरण्यांत शिरण्यासाठीं परवाना आधीं काढावा लागतो, गाडी व वाटाड्या घ्यावा लागतो, आणि सकाळ किंवा दुपार अशी पुरी फेरी तेथें द्यावी लागते. वैनगंगेच्या कांठचें मार्कंडा हें देवस्थान शिल्पकामासाठीं प्रसिद्ध आहे खरें. परंतु तें गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यांत असून जाऊन येण्यासच दिवस मोडतो. हेमलकसा तर त्याहूनहि दूर, भामरागडच्या रानांत. पांच तासांच्या थांब्यांत यांपैकीं कोणाच्याहि मागें लागलें तर पैसा पाण्यासारखा जाईल, पुढची गाडी चुकण्याची धास्ती मनांत राहील आणि धड दर्शनहि घडणार नाहीं. हीं स्थळें स्वतंत्र प्रवासाचीं आहेत. थोड्या वेळाला थोडेंच क्षेत्र द्यावें, हा पहिला नियम.

तें क्षेत्र म्हणजे जुनें चांदा शहर. १९६४ च्या सुमारास त्याचें नांव चंद्रपूर झालें. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं अजून चांदाच आहे. बल्लारपुराहून तें सुमारें पंधरा किलोमीटर आहे. राज्य परिवहनाची गाडी हें सर्वांत स्वस्त साधन. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढील वृद्धांना या गाड्यांत तिकीट पडत नाहीं व पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या मंडळींना निम्में पडतें; २०२३ पासून स्त्रियांनाहि निम्मेंच. ओळखपत्र मात्र जवळ हवें. आमच्या सहा जणांच्या तुकडींत शहात्तर वर्षांच्या आत्याबाई होत्या, तीन स्त्रिया होत्या आणि दोन मुलें. एका मोटारीच्या भाड्यांत जें जमलें नसतें तें या सवलतींमुळें सहज जमलें. सामानासाठीं प्रतीक्षालयांत घरांतील एकानें बसावें हें उत्तम; एकत्र कुटुंबांत असा एखादा निद्राप्रिय गृहस्थ असतोच. दशम्या व चटणी बरोबर असली तर उपहारगृहाचा खर्चहि वांचतो.

शहरांत आल्यावर रिक्षानें थेट महाकालीच्या देवळाशीं जावें व तेथून पायीं परत फिरावें. हा क्रम आम्हीं मुद्दाम योजला, कारण पाहण्यासारखें जें आहे तें बहुतेक झरपट नदीच्या बाजूस एकमेकांजवळ आहे. महाकालीची यात्रा चैत्री पौर्णिमेस भरते आणि मराठवाड्यांतून व तेलंगणांतून हजारों भाविक येतात. इतर दिवसांत मात्र देवळांत निवांतपणा असतो. तेथून अंचलेश्वराचें देऊळ व त्याच नांवाचा वेशीचा दरवाजा जवळच आहे. दरवाज्यावरील शिल्पाकडे मुलांचें लक्ष वेधावें: हत्तीला नमविणारा सिंह. हें गोंड राजांचें राजचिन्ह.

येथें थोडा इतिहास सांगितल्यावांचून दगड बोलणार नाहींत. गोंड राजांची राजधानी आधीं वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपुरास होती. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर गांठी व व्रण होते. झरपटेच्या पात्रांतील एका डबक्याच्या पाण्यानें ते बरे झाले, अशी आख्यायिका आहे. पुढें याच भागांत एक ससा उलट शिकारी कुत्र्याचाच पाठलाग करतांना राजास दिसला. ज्या भूमींत ससा कुत्र्यावर धांवतो ती वीरभूमि, असें राणीनें सांगितलें, आणि सशाच्या धांवण्याच्या रेषेवर नगराचा तट आंखला गेला. आख्यायिका आख्यायिकेच्या ठिकाणीं. पण तट खरा आहे. पुढील कांहीं पिढ्यांत तो बांधून पुरा झाला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पांच खिडक्या आहेत. १७५१ सालीं हें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेनें तटास खिंडार पाडून शहर घेतलें. आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबुराव शेडमाके या गोंड वीरास येथेंच फांशी देण्यांत आलें. आपल्या घरांतील मुलांना सातारा व पुण्याच्या राजांची वंशावळ पाठ असते. पण विदर्भाच्या या रानांत कित्येक पिढ्या राज्य करणाऱ्या घराण्यांतील एकाहि पुरुषाचें नांव त्यांना सांगतां येत नाहीं. पांच तासांच्या थांब्यानें ही उणीव भरून निघणार नाहीं. पण तिची जाणीव तरी होते.

अंचलेश्वर दरवाज्याजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची समाधि सर्वांत मोठी. ती त्याची राणी हिराई हिनें बांधविली. राजाचा खून झाला. वारस दत्तक आणि लहान. अशा प्रसंगीं अठराव्या शतकाच्या आरंभीं या राणीनें राज्याचा कारभार हातीं घेतला. आज दिसणारें महाकालीचें देऊळ तिनेंच उभारलें आणि अंचलेश्वराचें देऊळहि तिच्याच काळचें. म्हणजे त्या सकाळीं आम्ही जें जें पाहिलें त्यांतील बहुतेक एका विधवा स्त्रीच्या कर्तृत्वाचें होतें.

हें आम्ही मुलांना सांगत होतों तेव्हां आत्याबाई पायरीवर टेकल्या होत्या. त्यांना तिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. पुढें दिरांच्या घरांत राहून त्यांनीं दोन मुलगे वाढविले. एरवीं त्या फारसें बोलत नाहींत. "तिला रडायला तरी सवड मिळाली असेल का रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. धाकटी पुतणी मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि, "आजी, तुम्हांला मिळाली होती का?" असें तिनें सरळ विचारलें. आत्याबाई हंसल्या आणि त्या दिवसांची हकीकत सांगूं लागल्या. तींतील पुष्कळशी आम्हींहि प्रथमच ऐकली. घरीं कामाच्या धबडग्यांत जें कधीं निघत नाहीं तें परक्या गांवच्या सावलींत, हातीं कांहीं काम नसतां, आपोआप निघतें. थांब्याचा हाहि एक उपयोग आहे.

उरलेला तास तटासाठीं राखावा. कांहीं ठिकाणीं तटावर चढतां येतें. अलीकडच्या काळांत तो झाडझुडपांनीं व कचऱ्यानें झांकून गेला होता. इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनीं २०१७ पासून रोज सकाळीं श्रमदान करून त्याचे बुरूज मोकळे केले. त्या वर्षीं पंतप्रधानांनीं आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत या कामाचा गौरवानें उल्लेख केला. सरकारच्या नांवानें बोटें मोडण्यापेक्षां हातीं कोयता घेणें अधिक फलदायी, हा धडा मुलांना तेथें उभ्याउभ्या मिळतो. नंतर बाजारांतून चालत जटपुरा दरवाज्याकडे यावें. वाटेंत तर्रीपोहे खाण्यास हरकत नाहीं, मात्र तिखटाची संवय पाहून.

ज्यांना दोनच तास आहेत त्यांनीं शहराच्या भानगडींत न पडतां बल्लारपुरांतच वर्धेच्या कांठचा जुना किल्ला पाहावा. ज्यांना सबंध दिवस आहे त्यांनीं भद्रावतीस जाऊन विजासनची बौद्ध लेणीं व जैन मंदिर पाहावें. उन्हाळ्यांत येथील ऊन भाजून काढतें. तेव्हां सकाळीं नऊच्या आंत किंवा संध्याकाळीं पांचनंतरच बाहेर पडावें आणि वृद्धांना व बालकांना भर दुपारीं मुळींच हिंडवूं नये. आणि थांबा कितीहि मोठा असो, गाडीच्या वेळेपूर्वीं तासभर आधीं स्टेशनावर परतावें. गाडीला उशीर झाला तर झालेल्या दर्शनाची उजळणी करावी.

खर्चाचा हिशेब मांडला तर परिवहनाचीं तिकिटें, एक वेळची रिक्षा, देवापुढील नारळ आणि पोहे एवढाच. जमेच्या बाजूस मात्र एक राजघराणें, एक राणी, एक तट आणि घरांतील वडील माणसाची इतक्या वर्षांची न सांगितलेली गोष्ट. वाचकांनीं पुढच्या प्रवासाचें वेळापत्रक आंखतांना मधल्या थांब्याच्या गांवाचें नांव तेवढें लिहून घ्यावें, आणि तेथें कोण राहून गेलें याची चौकशी निघण्यापूर्वींच करावी.