वृद्धाश्रम बघायला जाताय? रात्री किल्ली कोणाकडे असते ते विचारा

"डॉक्टर, बाबांसाठी मीरा रोडला एखादा चांगला वृद्धाश्रम सांगा ना." हा प्रश्न आता माझ्याकडे सर्दी-खोकल्याइतका नेहमीचा झाला आहे. विचारताना बहुतेकांची मान खाली असते. ती खाली घालायचं काही कारण नाही. दोघंही सकाळची चर्चगेट लोकल पकडणारे, घर वन बीएचके आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर वडील अंथरुणावर. हे गणित नुसत्या मायेने सुटत नाही. मी कोणाला नाव सुचवत नाही, काय बघायचं ते सांगते.

बघावं लागतं, कारण तुमच्या वतीने दुसरं कोणी फारसं बघत नाही. दवाखान्यांसाठी 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. खाजगी वृद्धाश्रमांसाठी 2019 मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात नोंदणीची आणि किमान दर्जाची तरतूद होती. ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली. म्हणून भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ट्रस्टचं किंवा दुकान-नोंदणीचं प्रमाणपत्र बघून हुरळून जाऊ नका. संस्था कागदावर आहे, एवढंच ते सांगतं. आजोबांना कुशीवर कोण वळवतं, ते सांगत नाही.

आता किल्लीबद्दल. स्मृतिभ्रंश झालेली माणसं रात्री "घरी जायचंय" म्हणून उठून चालायला लागतात, त्यामुळे दाराला कुलूप लागतं. ते मला समजतं. पण 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी गावात मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. तिथल्या रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. त्यातले 28 जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. आणि इतक्या लांबचं उदाहरण कशाला, आपल्या खाडीपलीकडे विरारला एप्रिल 2021 मध्ये एका कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, तीही रात्रीच. जे स्वतः उठू शकत नाहीत, त्यांच्यासाठी आगीपेक्षा उचलायला माणूस नसणं जास्त घातक असतं.

म्हणून विचारा: रात्री दोन वाजता कुलपाची किल्ली कोणाकडे असते? "सरांकडे" असं उत्तर आलं आणि सर राहायला दहिसरला असतील, तर तिथूनच परत फिरा. चांगल्या ठिकाणी कुलपाऐवजी दाराच्या वरच्या टोकाला कडी असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं तिकडे सहसा लक्ष जात नाही, पण मावशींचा हात पोहोचतो. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप आहे का बघा. बाहेर पडायच्या वाटेवर डायपरचे खोके आणि मोडक्या व्हीलचेअर रचलेल्या नाहीत ना, तेही बघा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून 'नमुना ब' द्यावा लागतो. शेवटचा दाखवा म्हणा. आणि एक साधी विनंती करा: "अंथरुणावरच्या माणसाला तुम्ही बाहेर कसं काढाल, दाखवता का?" चादरीसकट जमिनीवर उतरवून ओढत नेणं दोन माणसांना जमतं, पण ते आधी कोणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

बघायला जाल ते रविवारी सकाळी जाऊ नका. तेव्हा फरशी पुसलेली असते आणि मालक स्वतः चहा देतात. रात्री नऊनंतर जा, न सांगता. किती माणसं ड्यूटीवर आहेत ते मोजा, त्यातले झोपलेले किती तेही मोजा. न कळवता आलेल्या नातेवाइकाला दारातून परत पाठवणारी जागा मी तरी माझ्या माणसासाठी घेणार नाही.

मग चार्ट मागा. ज्याला स्वतः हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचेवर दाबामुळे जखम होते. सुरुवातीला फक्त लाल डाग असतो, आठवड्याभरात हाडापर्यंत जाऊ शकतो. एका ठिकाणी मी सकाळी अकराला गेले होते. भिंतीवरच्या चार्टमध्ये रात्री आठपर्यंतच्या सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा आधीच झालेल्या! त्यामुळे चार्ट बघून थांबू नका. परवानगी घेऊन आजींच्या पायावरची चादर बाजूला करा आणि टाच बघा. टाच खोटं बोलत नाही.

भर दुपारी सगळेच गाढ झोपलेले दिसले तर "किती शांत ठेवलंय" म्हणू नका. झोपेच्या गोळ्या कोणाच्या चिठ्ठीवर चालू आहेत, ते विचारा. मधुमेहाची गोळी देण्याआधी माणूस जेवला की नाही हे कोण बघतं, तेही विचारा. गोळी पोटात आणि ताट तसंच, असं झालं की रात्री साखर घसरते आणि सकाळी "उठतच नाहीत" म्हणून फोन येतो. भरवताना पाठ सरळ बसवतात का? आडव्याने भरवलेला घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. वजन दर महिन्याला लिहितात का? न बोलणाऱ्या माणसाचं पोट भरतंय का, ते वजनकाट्यावरच कळतं.

उत्तनच्या बाजूची हवा छान, झाडं आहेत, समुद्र आहे. पण मध्यरात्री तिथून भाईंदरला यायला गाडी कोणती? रात्री ड्रायव्हर असतो का, की 108 लावून वाट बघायची? भाईंदर पश्चिमेला टेंभ्याचं सरकारी भीमसेन जोशी रुग्णालय की खाजगी, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरवून कागदावर लिहून घ्या. हॉस्पिटलात असतानाच्या दिवसांचे पैसे कापतात का आणि डिपॉझिट कधी परत मिळतं, तेही त्याच कागदावर.

ठेवल्यानंतर काही खटकलं तर आधी बोला, मग तारीख घालून लेखी द्या आणि फोटो काढून ठेवा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 मोफत आहे. मारहाणीच्या खुणा दिसल्या तर मात्र थेट पोलीस.

आणि पोहोचवायला जाल तेव्हा चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र यांच्या डब्यांवर नाव घालून द्या. या वस्तूंची तिथे हमखास अदलाबदल होते, आणि कवळी हरवली की माणूस गुपचूप जेवण कमी करतो.